पंधरा नाण्यांचं पाकीट

रविवार, हानेदा

जपानला, टोकियोच्या हानेदा विमानतळावर उतरेपर्यंत रात्र झाली होती. एटीएममधून पैसे काढले, तर हातात आल्या त्या सगळ्या १०,००० येनच्या नोटा. जुलै २०२४ मध्ये आलेली ही नवी नोट. तिच्यावर उद्योगपती शिबुसावा एइइची आहेत आणि नोट जरा तिरकी केली की होलोग्राममधला त्यांचा चेहरा मान वळवतो. आत्याने ती दिव्याखाली धरून मान इकडून तिकडे वळवून पाहिली, कडा चाचपली, मग माझ्या हातात परत दिली. ती आयुष्यभर बँकेत कॅशवर होती. देवळं-डोंगर नंतर, आधी नोटा.

"बंदी नोट घेऊन कुठे फिरणार आहेस? आधी मोडून घे."

जपानमध्ये नोट मोडायला तसा त्रास नाही. दुकानात एक पाण्याची बाटली घेऊन १०,००० ची नोट पुढे केली तरी समोरचा कपाळाला आठी पाडत नाही. अडवतात ती यंत्रं. बसमधलं, लॉकरचं, कपडे धुण्याचं, जेवणाचं कूपन देणारं. माणसाशी गाठ असेल तर बंदी नोट चालते, यंत्राशी असेल तर सुटे लागतात, आणि या देशात दिवसभर गाठ पडते ती बहुतेक यंत्रांशीच.

सुदैवाने रेल्वेची तिकिटाची यंत्रं या बाबतीत उदार आहेत. रेल्वे-बससाठी पैसे भरून वापरायचं सुइका कार्ड घ्यायचंच होतं. त्यात २,००० येन भरताना १०,००० ची नोट सरकवली, बाकीचे पैसे यंत्राने निमूट परत दिले. नोट मोडायला रांग नाही, कोणाची विनवणी नाही. पुढे रोज सकाळी स्टेशनवर गरज असो-नसो, १,००० येन कार्डात भरायचे आणि मोठी नोट मोडून घ्यायची, हा आमचा परिपाठ झाला.

सोमवार, टोकियो

असाकुसाच्या सेन्सोजी देवळात भविष्याची चिठ्ठी काढायला १०० येन लागतात. पैसे घ्यायला कोणी बसलेलं नसतं. फटीत नाणं टाकायचं, धातूचा डबा खळखळवायचा, भोकातून जी काडी बाहेर येईल तिच्यावरचा आकडा बघायचा आणि त्या आकड्याचा खण उघडून कागद घ्यायचा. अशुभ चिठ्ठ्यांसाठी हे देऊळ प्रसिद्ध आहे. मला अशुभच निघाली. तिथल्या तारांच्या चौकटीला ती बांधून टाकली की झालं, अशुभ तिथेच राहतं. आत्या म्हणाली, "शंभरात एवढी सोय वाईट नाही."

दुपारी जेवायला शिरलो ते दारातच कूपन-यंत्र असलेल्या छोट्या उपाहारगृहात. आधी पैसे, मग बटण, मग कूपन, मग खुर्ची. यंत्र जुनं होतं. त्याने १,००० ची नवी नोट दोनदा थुंकली. त्याला माहीत होती ती आधीची. २०२४ च्या नव्या नोटांसाठी आणि त्याआधी २०२१ मध्ये बदललेल्या ५०० येनच्या नाण्यासाठी यंत्र बदलून घ्यायला खर्च येतो, आणि छोट्या दुकानांना तो लगेच झेपत नाही. १०० ची नाणी मात्र कोणतंही यंत्र घेतं. मागे उभ्या असलेल्या गृहस्थांनी न विचारताच जुन्या नोटेशी अदलाबदल करून दिली. एरवी आमचं जेवण १०० च्या नाण्यांवरच निभावलं असतं, आणि तेवढी नाणी तेव्हा आमच्याकडे नव्हती.

संध्याकाळी कोपऱ्यावरच्या दुकानात आत्याचा खरा अवतार दिसला. बिल झालं ६२८ येन. मी १,००० ची नोट काढली. तिने माझा हात धरला, नोट गल्ल्यासमोरच्या छोट्या तबकात ठेवली आणि तिच्या शेजारी मोजून १२८ येनची नाणी मांडली. इथे पैसे हातात देत नाहीत, तबकात ठेवतात. गल्ल्यावरच्या मुलीला काही समजवावं लागलं नाही. तिने आकडा दाबला आणि ५०० चं एकच नाणं परत दिलं.

नुसती नोट दिली असती तर ३७२ येन परत आले असते, म्हणजे १०० ची तीन, एक ५० चं, १० ची दोन आणि १ ची दोन. खिशात आठ नाण्यांची भर. त्याऐवजी खिसा हलका झाला आणि वर एक दणदणीत नाणं मिळालं. इथले लोकही सर्रास असंच देतात, म्हणून त्या मुलीला नवल वाटलं नाही.

रात्री हॉटेलच्या पलंगावर नाणी पसरून आत्याने हिशेब मांडला. १ येनची चार, ५ चं एक, १० ची चार, ५० चं एक, १०० ची चार, ५०० चं एक. एकूण पंधरा नाणी, बेरीज ९९९. एवढी जवळ असली की १ पासून ९९९ पर्यंत कोणतीही रक्कम नेमकी देता येते. सोळावं नाणं हे ओझं. "गल्ला असाच लावायचा असतो," ती म्हणाली, "सकाळी लावायचा, रात्री मोजायचा."

मंगळवार, कामाकुरा

कामाकुराचा महाबुद्ध उघड्यावर बसला आहे. तेराव्या शतकातला, ब्राँझचा, चौथरा धरून तेरा मीटरहून उंच. आवारात शिरायचं तिकीट वेगळं आणि मूर्तीच्या पोटात शिरायचं वेगळं. पोटात शिरायला ५० येन. दारातल्या माणसासमोर पेटी. ५० चं नाणं मधोमध भोक असलेलं, त्यामुळे खिशात हात घातला की बोटाला बरोबर सापडतं. ५ येनच्या नाण्यालाही भोक आहे, पण ते पितळेचं, पिवळं, आणि त्याच्यावर आकडा इंग्रजी अंकांत नाही, फक्त जपानी लिपीत आहे. नवखा माणूस गोंधळतो तो इथेच. आत्याला मात्र डोळे मिटूनही सगळी ओळखता यायला लागली होती. १ चं अ‍ॅल्युमिनियमचं, बरोबर एक ग्रॅमचं, हातात असून नसल्यासारखं. १० चं तांबूस, गुळगुळीत कडेचं. १०० चं दातेरी कडेचं. ५०० चं सगळ्यांत जड.

बुद्धाच्या पोटात अंधार, उकाडा आणि ओतकामाच्या जोडांच्या रेघा. मूर्ती थरांथरांनी कशी ओतत नेली ते आतूनच कळतं. पन्नास येनमध्ये याहून चांगलं काही मला त्या आठवड्यात मिळालं नाही.

मग झेनिआराई बेंतेन. कामाकुरा स्टेशनच्या पश्चिमेला चढण चढून गेलं की कड्यात एक बोगदा लागतो. त्यातून पलीकडे निघालं की चहूबाजूंनी कडे आणि मध्ये देवस्थान. मिनामोतो नो योरितोमो या सरदाराला ११८५ मध्ये स्वप्न पडलं, त्यात इथल्या झऱ्याची खूण मिळाली, अशी कथा सांगतात. झरा गुहेत आहे. तिथे पैसे धुतात. धुतलेले पैसे वाढतात, अशी श्रद्धा. मेणबत्ती-उदबत्तीचा संच घेतला की विणलेली टोपली मिळते. टोपलीत पैसे ठेवायचे, पळीने पाणी घालायचं.

गुहेत आमच्या शेजारी एक तरुण १०,००० च्या नोटा ओळीने टोपलीत मांडून त्यांच्यावर सावकाश पाणी सोडत होता. बाहेर दोन बायका ओल्या नोटा उदबत्तीच्या धुरावर धरून वाळवत होत्या. आत्याला हे पाहवेना. ओली नोट म्हणजे तिच्या लेखी गुन्हा. तिने फक्त नाणी घेतली, पंधराच्या पंधरा, टोपलीत नीट आकारवार लावली आणि पळीभर पाणी ओतलं. १ येनची नाणी पाण्यावर अलगद ठेवली तर तरंगतात, हे तिने कुठेतरी वाचलं होतं. टोपलीतून पाणी गळून जात असल्याने प्रयोग काही जमला नाही. तो तिने रात्री हॉटेलच्या पेल्यात केला. तरंगलं.

धुतलेले पैसे साठवायचे नसतात, ते खर्च करावे लागतात, तरच वाढून परत येतात. ही अट मला फार आवडली. पैसे फिरते राहावेत, असं सांगणारं देवस्थान.

बुधवार

प्रवासाचा दिवस. शिनकानसेन या बुलेट ट्रेनने नागोया, तिथून शिनानो एक्स्प्रेसने नाकात्सुगावा. दिवसभर रोख पैशाला हात लावावा लागला नाही. पाऊस.

गुरुवार, मागोमे ते त्सुमागो

नाकात्सुगावाहून मागोमेला जाणारी बस अंतरानुसार भाडं घेणारी. अशा बसमध्ये मागच्या दाराने चढायचं, यंत्रातून निघणारी क्रमांकाची चिठ्ठी घ्यायची आणि पुढच्या फलकाकडे लक्ष ठेवायचं. चिठ्ठीवरच्या आकड्याखाली भाड्याची रक्कम थांब्यागणिक वाढत जाते. उतरताना चिठ्ठी आणि नेमके पैसे पेटीत टाकायचे. पेटी उरलेले पैसे परत देत नाही. तिच्याच अंगाला नोट मोडायची वेगळी फट असते. तिच्यात १,००० ची नोट घालायची, नाणी घ्यायची, आणि मग त्यातून मोजून भाडं टाकायचं. ज्याला हे ठाऊक नसतं तो अख्खी नोट भाड्याच्या पेटीत घालतो आणि मग ड्रायव्हर, प्रवासी आणि मागची रांग सगळेच अवघडतात. नोट मोडायचीच असेल तर बस थांब्यावर किंवा सिग्नलला उभी असताना मोडून ठेवावी. इथले म्हातारे-कोतारे तेच करतात आणि आपल्या थांब्यावर मुठीत मोजलेले पैसे घेऊनच उठतात.

मागोमे ते त्सुमागो हा जुन्या नाकासेन्दो मार्गाचा तुकडा, साधारण आठ किलोमीटर. वाटेत अस्वलांना चाहूल लागावी म्हणून घंटा टांगलेल्या आहेत, येणारा-जाणारा वाजवतो. आत्याने एकही घंटा सोडली नाही.

खिंड ओलांडून उतारावर एक जुनं लाकडी चहाघर लागतं. आत चूल पेटलेली, चहा फुकट, स्वेच्छेने काही टाकायचं असेल तर डबा. फुकट म्हटलं की द्यावं किती, हा प्रश्न येतोच. डब्यात वाकून पाहिलं तर बहुतेक १०० ची नाणी होती. आम्हीही तेवढंच टाकलं. अशा ठिकाणी खिशात फक्त १०,००० ची नोट आणि कार्ड असेल तर माणूस तोंड चुकवून निघतो. १ येनची मूठभर नाणी टाकणं तर त्याहून वाईट, कारण ती मोजायची आणि बँकेत न्यायची कटकट त्यांच्या गळ्यात पडते. पोस्टाच्या बँकेने जानेवारी २०२२ पासून ढिगाने आणलेली नाणी भरायला शुल्क लावलं, तेव्हा छोट्या देवस्थानांची पंचाईत झाली होती. दानातल्या बारक्या नाण्यांपेक्षा ती भरण्याचं शुल्क जास्त व्हायला लागलं. आत्याला ही गोष्ट सांगितल्यावर ती बराच वेळ बँकेच्याच बाजूने बोलत राहिली. चिल्लरीची पोती मोजणाऱ्याचे हात काय होतात ते तिला माहीत होतं.

पुढे एका घराच्या कठड्यावर पर्सिमन फळांच्या पिशव्या मांडलेल्या, शेजारी पत्र्याचा डबा, पिशवीला १०० येन. माणूस नाही, कॅमेरा नाही. आम्ही दोन पिशव्या घेतल्या आणि त्सुमागोपर्यंत एक संपवली.

शुक्रवार, क्योतो

नोव्हेंबरातलं क्योतो म्हणजे लाल मेपल आणि बसला लोंबकळणारी गर्दी. शहराच्या मुख्य भागात सिटी बसचं भाडं सरसकट २३० येन. मागून चढायचं, पुढून उतरायचं, उतरताना पैसे. दिवसभराचा बसचा पास पूर्वी स्वस्तात मिळायचा. गर्दी फार वाढल्याने त्याची विक्री २०२३ मध्ये थांबवली आणि मार्च २०२४ नंतर तो पूर्ण बंद झाला. मेट्रो आणि बसचा मिळून पास आहे, पण दोन-तीनच बस पकडणार असाल तर कार्ड किंवा सुटे पैसे बरे.

कार्ड होतं, तरी आत्याने २३० येनच्या पुड्या केल्या. १०० ची दोन आणि १० ची तीन नाणी कागदात गुंडाळायची, अशा चार पुड्या सकाळी तयार. मी हसले. पण गिओनहून परतताना बसमध्ये श्वास घ्यायला जागा नव्हती, माझं कार्ड बॅगेच्या तळाशी आणि बॅग तीन माणसांपलीकडे. आत्याने पुडी उघडली, पेटीत ओतली आणि उतरलीसुद्धा. माझे पैसेही तिनेच टाकले. माझ्या पुढे एक प्रवासी ५,००० ची नोट हातात घेऊन उभा होता. बसमधल्या यंत्राला १,००० पेक्षा मोठी नोट चालत नाही. ड्रायव्हरने हात जोडून मान हलवली, आणि मग बसमधल्या कोणाकडे सुटे आहेत याची शोधाशोध सुरू झाली. मला पुन्हा हसायचा धीर झाला नाही.

शनिवार, उजी

१० येनच्या नाण्यावर जी इमारत आहे ती प्रत्यक्ष बघायला उजीला गेलो. ब्योदोइन देवळाचा फिनिक्स हॉल, १०५३ सालचा. तळ्याकाठी उभं राहून जवळजवळ प्रत्येक जण तेच करतो. नाणं चिमटीत धरून डोळ्यासमोर न्यायचं आणि खरी इमारत त्याच्या मागे येईल असा फोटो काढायचा. आम्हीही काढला. आमच्या हातातलं नाणं घासून काळपट झालेलं, इमारत अस्पष्ट. शेजारच्या एका आजोबांनी खिशातून कोरं, तांब्याच्या रंगाचं झगझगीत नाणं काढून दिलं, फोटो होईपर्यंत थांबले आणि परत घेऊन गेले. बहुधा त्याच कामासाठी ते जवळ ठेवत असावेत.

हॉलच्या आत जायला आवाराच्या तिकिटाव्यतिरिक्त ३०० येन लागतात, वेगळ्या खिडकीवर, ठरावीक वेळेचं तिकीट. १०० ची तीन नाणी दिली, आत जाऊन आलो.

परत येताना आत्याने दिवसभरातली १० ची नाणी कडेवरून बोट फिरवून तपासली. १९५१ ते १९५८ या काळातल्या १० येनच्या नाण्यांची कड दातेरी होती, नंतरची गुळगुळीत. तसं एखादं अजूनही चलनात सापडतं म्हणतात. आम्हाला सापडलं नाही. नाण्यावर साल सम्राटाच्या कारकिर्दीनुसार असतं, म्हणून रेइवा १ म्हणजे २०१९. शोवा ६४ हे वर्ष तर जेमतेम आठवडाभरच चाललं. जानेवारी १९८९ मध्ये सम्राट वारले आणि नवा काळ सुरू झाला. हे सगळं ती मला ट्रेनमध्ये सांगत होती आणि समोरच्या बाकावरची शाळकरी मुलगी आमच्या हातातल्या चिल्लरीकडे टक लावून बघत होती.

रविवार, क्योतो

धुणं. कॉइन लाँड्रीतलं यंत्र फक्त १०० ची नाणी खात होतं, आणि वाळवणीला तर दर काही मिनिटांना एक. भिंतीवर नोट मोडायचं यंत्र होतं, पण त्याच्यावर कागद चिकटवलेला, "बंद". इथे ५००, ५०, १० सगळं निरुपयोगी. १०० ची नाणी जमवायला मी समोरच्या पेय-यंत्रातून १,००० ची नोट टाकून एक चहा घेतला आणि परत पडलेले पैसे मोजत आले. जीन्स ओलीच राहिली. ज्या दिवशी धुणं, त्याच्या आदल्या दिवसापासून १०० चं नाणं कुठेही खर्च करायचं नाही, असं आत्याने जाहीर केलं.

दुपारी फुशिमी इनारी. हजारो लाल तोरी कमानी, प्रवेश मोफत. दानपेटीत बहुतेक लोक ५ येन टाकतात, ते शुभ मानतात. साठलेली पिवळी नाणी तिथे संपवली.

सोमवार, ओसाका

आत्याच्या आग्रहाखातर ओसाकाची टांकसाळ. तेम्माबाशी स्टेशनपासून चालत, नदीकाठी. १८७१ मध्ये सुरू झाली, हाँगकाँगची बंद पडलेली टांकसाळ विकत घेऊन तिची यंत्रं इथे आणली होती. एप्रिलमध्ये आवारातल्या चेरीच्या बहरासाठी लोक येतात. नोव्हेंबरात आम्ही आणि शाळेची एक सहल. संग्रहालय विटांच्या जुन्या इमारतीत आहे, १९११ मध्ये ती टांकसाळीचं वीजघर म्हणून बांधली होती.

मला इथे ५०० येनच्या नाण्यात रस होता. ते १९८२ मध्ये आलं. कोरियाचं ५०० वॉनचं नाणं त्याच्याच आकाराचं, त्याच धातूचं, जरासंच जड, आणि किमतीने साधारण दहावा हिस्सा. लोकांनी वॉनच्या नाण्याला खड्डे पाडून वजन जुळवलं आणि विक्री-यंत्रांना फसवायला सुरुवात केली. पैसे परत मागायचं बटण दाबलं की यंत्रातून खरं ५०० येनचं नाणं पडायचं. म्हणून २००० मध्ये धातू बदलला, कडेला तिरक्या रेघा आल्या, आणि २०२१ मध्ये दोन रंगांचं नाणं आलं. यंत्राला विश्वास बसावा म्हणून नाणं बदललं, आणि मग त्याच नाण्यावर जुनी यंत्रं विश्वास ठेवेनात. आमच्या पाकिटात शेवटच्या दोन्ही पिढ्यांची होती. आत्या त्यांना वेगळ्या कप्प्यात ठेवायला लागली: जुनं यंत्रासाठी, नवं माणसासाठी.

१ येनचं पीक १९८९ नंतर आलं. त्या वर्षी एप्रिलमध्ये ३ टक्के उपभोग कर लागला आणि प्रत्येक बिलाला शेपूट फुटलं. आता कार्डांमुळे त्याची गरज इतकी कमी झाली की अलीकडे काही वर्षं ती नाणी फक्त संग्राहकांच्या संचापुरतीच पाडली गेली. कायद्याने एका वेळी एकाच मूल्याची वीसपर्यंतच नाणी घेण्याचं बंधन आहे. बिलात १ येनची पन्नास नाणी मोजायला लागलात तर दुकानदार नाही म्हणू शकतो. हे वाचल्यावर आत्याने समाधानाने मान डोलावली. "असा नियम आम्हालाही हवा होता."

मंगळवार, कानसाई विमानतळ

नाणी परदेशी बदलून मिळत नाहीत, चलन बदलणारे नोटाच घेतात. म्हणून शेवटच्या दिवशी सकाळपासून कार्ड बाजूला ठेवलं आणि जे घेतलं ते नाण्यांनी. विमानतळावरच्या दुकानात जेवणाचे डबे घेतले, आधी सगळी नाणी तबकात रिकामी केली आणि उरलेली रक्कम कार्डातून द्यायची का असं विचारलं, तर गल्ल्यावरच्या माणसाने होकार दिला. स्वतः बिल करायचं यंत्र असेल तर आणखी सोपं, मूठभर चिल्लर फटीत ओतली की ते स्वतःच मोजतं.

तरी १०० ची काही उरली. कॅप्सूलमधून खेळणी देणारी गाचापोन यंत्रं प्रवाशांच्या उरल्यासुरल्या नाण्यांवर डोळा ठेवून विमानतळांवर मांडायला २०१६ मध्ये नारिताहून सुरुवात झाली. आत्याने हँडल फिरवलं आणि तिला प्लॅस्टिकची बारकी तोरी कमान मिळाली. मला टोपी घातलेलं मांजर. १ आणि ५ येनची नाणी दुकानातल्या मदतपेटीत गेली. युनिसेफसाठी विमानात उरलेली नाणी गोळा करण्याचा उपक्रमही १९८७ पासून आहे, पण तो सगळ्या कंपन्यांकडे नसतो, आमच्या विमानात नव्हता.

१,००० च्या दोन नोटा आणि १०० ची चार नाणी मी परत आणली. पुन्हा कधी उतरायची वेळ आली तर लॉकर, पाणी आणि पहिली बस एवढ्यावर निघते. आत्याने बसच्या भाड्याची एक न फोडलेली पुडी आणली आहे, आणि ती मला द्यायला तयार नाही.